छेद

पाड्यावरच्या वहीत शहाण्णव टक्के लिहिलंय
हिरव्या शाईनं, खाली दुहेरी रेघ.
मी मूल्यमापनाला आलेय. म्हणजे
दुसऱ्यानं केलेली बेरीज पुन्हा करायला.
सोबत बावीस प्रश्नांचा फॉर्म, दोन पेनं
आणि हात धुण्याच्या पायऱ्यांचा तक्ता,
त्याची सुरळी आता सरळ होत नाही.

बेरीज बरोबर आहे.
पन्नास मुलं, त्यातली अठ्ठेचाळीस टोचलेली,
एकाला ताप होता, एकाची आजी नको म्हणाली.

मग लीलाताई, इथल्या आशा,
चहाची बशी माझ्याकडे सरकवत म्हणाल्या,
"बंद घरं धरायची नसतात ना?"

एकोणीस दारं.
कुलूप कुणालाच नाही,
कडीत नुसती काटकी खोचलेली.
"कुठं गेलीत?"
"द्राक्षांना."
बाजाराला जावं, देवाला जावं
तसं, द्राक्षांना.
"येतील कधी?"
"शिमग्याला."

त्या घरांतली पोरं लीलाताईंनी
बोटांच्या पेरांवर मोजली, नावांसकट.
एकतीस.
वही उघडावी लागली नाही.

पाचवीत शिकवलं होतं: वर अंश, खाली छेद.
छेद लहान केला
की उत्तर मोठं होतं.
यात कुणी खोटं बोललेलं नाही.
सुरगाण्यापासून नाशिकपर्यंत
सगळ्या सह्या खऱ्या आहेत.

*

निफाडला पहाटे चार अंश.
बागाईतदारानं सरींमध्ये शेकोट्या पेटवल्यात
वेलींना गारठा बाधू नये म्हणून.
रांगेच्या टोकाला दोन लोखंडी अँगलना
बांधलेली लुगड्याची झोळी,
झोळीत हौशी थविलची मुलगी, नऊ महिन्यांची,
कानाला फडकं, नाक वाहतंय.
धूर तिच्यापर्यंत येतो.
ऊब बहुतेक वेलींपाशीच राहते.

इथल्या उपकेंद्रातली सिस्टर चांगली बाई आहे.
म्हणाली, "बाहेरची आहेत, त्यांचं तिकडं होतं."
तिकडं लिहिलं होतं: स्थलांतरित.

मी फॉर्म काढला, कारण तो काढायचा असतो.
प्रश्न नऊ. जेवणाआधी साबणानं हात धुता का?
हौशीनं हात पुढं केले,
घड औषधात बुडवून बुडवून पिवळे पडलेले,
पेरांवर चिरा.
"धुते की," म्हणाली. "पानी कुठलं
ते नाही इचारलं तुमी."
मी "हो" वर खूण केली.
दुसरा रकाना "नाही" चा होता.

प्रश्न बावीस. कार्यक्रमाबद्दल समाधानी आहात का?
"कोन्ता कार्यक्रम?"

तेवढ्यात झोळीतली उठली, रडली,
आणि मी काही मोठं केलं नाही.
सिस्टरला गाडीवर मागं बसवून आणलं, एवढंच.
गोवराची लस, उजवा दंड.
पोर किंचाळली, शेजारच्या सरीतल्या बाया हसल्या,
कुणी तरी गूळ आणला.
वहीत बाहेरच्यांचा रकाना नव्हता,
सिस्टरनं नाव स्वतःच्या तळहातावर लिहून घेतलं.
संध्याकाळी तिनंही हात धुतले असणार.

*

नाशिकला, बैठकीत,
मी अठ्ठेचाळीसखाली एक्याऐंशी लिहिलं.
एकोणसाठ टक्के.
पंखा फिरत होता तेवढाच.
साहेब रागावले नाहीत, समजुतीनं म्हणाले,
"मॅडम, ही मुलं तर तिथं नव्हतीच.
नसलेल्यांना कसं मोजणार?"
कुणीतरी मान हलवली. माझी होती की काय,
नक्की आठवत नाही.

मी लीलाताईंचा कागद पुढं ठेवला,
एकतीस नावं, काही आडनावांशिवाय.
तो एका हातातून दुसऱ्या हातात गेला,
टेबलाचा कोपरा वळला,
आणि चहाबरोबर एक वाडगा फिरत आला.
पहिल्या तोडणीची द्राक्षं, धुतलेली.

मी घेतली.
गोड होती.